आडनाव नसलेले मित्र

आपल्या समाजात माणूस गेला की आपण त्याला कैलासवासी म्हणत नाही, स्वर्गवासीही म्हणत नाही. आपण म्हणतो, कालकथित. तो स्वर्गात गेला की आणखी कुठे, याचा हिशेब आपण मांडत नाही. त्याने काय केले तेवढे आठवतो आणि पुण्यानुमोदन करतो. हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांच्या जगातही अशीच रीत आहे. त्यांच्यातला कोणी गेला तर म्हणतात, 'सायलेंट की'. संदेश पाठवायची कळ मुकी झाली, बस्स. माझे तीन मित्र असे कालकथित झाले. त्यांच्याविषयी आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंब पानावर चार शब्द लिहावेत, असे फार दिवस मनात होते.

त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. नाव दिले की आडनाव येते, आणि आडनाव दिसले की आपण, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा, आधी त्यात जात शोधतो. म्हणून मी त्यांना ज्या नावांनी हाक मारत होतो तीच नावे येथे लिहितो. एक सोलापूरचे काका, दुसरे बार्शीचे गुरुजी आणि तिसरे नगरचे तारमास्तर. नगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण ते पाहायला तारमास्तर राहिले नाहीत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. हॅम रेडिओत ऐकणारा बोलतोही. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, पोलीस पडताळणी व्हायची, मग परवाना मिळायचा आणि परवान्याबरोबर एक कॉलसाइन, म्हणजे अक्षरे आणि आकडे मिळून झालेली तुमची ओळख. आपल्या देशातल्या कॉलसाइनची सुरुवात बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होते. या छंदातून पैसा कमवायचा नाही. गाणी लावायची नाहीत. राजकारण आणि धर्म यांवर बोलायचे नाही. आपल्याकडे पहिला परवाना १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज सरकारने सगळ्या हौशी लोकांचे संच जमा करून घेतले. युद्धानंतर परवाने पुन्हा सुरू झाले, पण परदेशी संच महाग, पुस्तके इंग्रजीत, त्यामुळे छंद राहिला तो बंगलेवाल्यांचा. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांची कॉलसाइन व्हीयू२आरजी. १९८४ साली परदेशी संचांवरचे आयात शुल्क माफ झाले, तेव्हा कुठे चार पैसेवाल्यांच्या पलीकडे ही हौस पोहोचू लागली.

माझे जामखेडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे छोटे दुकान. मला परदेशी संच परवडणारा नव्हताच. पुण्याच्या बुधवार पेठेतून आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने-नवे भाग आणून मी संच जोडला. ४० मीटरच्या पट्ट्यावर बोलायचे तर एरियलची तार साधारण २० मीटर लांब लागते. एक टोक घराच्या पत्र्यावरच्या बांबूला आणि दुसरे शेजारच्या लिंबाला बांधले. १९८९ साली परवाना हाती पडला. वस्तीतली पोरे जमली. कपडे वाळत घालायच्या तारेएवढ्या तारेतून सोलापूर बोलते, यावर म्हाताऱ्यांचा विश्वास बसेना.

मला खरे नवल दुसऱ्याच गोष्टीचे वाटले. मी या वयापर्यंत कुठेही गेलो, तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नाव काय? नाव सांगितले की, पूर्ण नाव? पूर्ण नावानेही समजले नाही तर, गाव कोणते, कुठल्या आळीत राहता? पाण्याचा तांब्या हातात द्यायचा की ओंजळीत ओतायचा, हे त्यानंतर ठरायचे. रेडिओवर कोणी आडनाव विचारले नाही. कॉलसाइन, हाक मारायचे नाव आणि गाव, एवढे पुरे. पुढचा प्रश्न, माझा आवाज कसा येतो? त्याला उत्तर आकड्यांत. स्पष्टपणाला पाचपैकी आणि जोराला नऊपैकी गुण. 'फाइव्ह नाइन' म्हणजे उत्तम. माणसाला गुण द्यायची इतकी सरळ पद्धत मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. शिवाय वीस वर्षांचा पोरगा असो की सत्तरीचा म्हातारा, सगळे एकमेकांना 'ओएम' म्हणणार. ओएम म्हणजे ओल्ड मॅन. मी तिशीत असताना निवृत्त अधिकारीसुद्धा मला ओल्ड मॅन म्हणायचे, आणि घरात बायको हसायची.

पहिले मित्र सोलापूरचे काका. ते आपल्याच समाजातले, सैन्याच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मला मोर्स लिपी त्यांनी शिकवली. परीक्षेला तेव्हा मोर्स लागायचीच. दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्द, पहिल्या श्रेणीला १२. माझा हात अडखळायचा. काका म्हणायचे, "टिंब आणि रेघ मोजू नको. ढोलकीचा ठेका तू मोजतोस का? कानाने ओळखतोस ना? तसंच." त्यांनी मला '७३' शिकवले. हॅम लोक निरोप घेताना हा आकडा पाठवतात, म्हणजे आपला रामराम किंवा जयभीम समजा. मोर्समध्ये तो उलटा वाचला तरी तसाच येतो. दोन रेघा, तीन टिंबे, मग तीन टिंबे, दोन रेघा. काका म्हणायचे, "मैत्री अशी पाहिजे, दोन्ही बाजूंनी सारखी."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली, हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. टेलिफोन बंद. केंद्र सरकारने ठिकठिकाणच्या हॅम लोकांना तेथे पाठवले. काकाही आपला संच, मोटारीची बॅटरी आणि तारेचे भेंडोळे घेऊन निघाले. कुठे औषधे हवीत, कुठे घोंगड्या हव्यात, कोण जिवंत आहे, कोण गेले, असे संदेश दिवसरात्र चालले. मी जामखेडला कानाला हेडफोन लावून बसलेला होतो. मुंबई-पुण्याला कामाला असलेल्यांच्या नातेवाइकांची नावे काका संथ आवाजात वाचायचे. आवाज एकदाही कापला नाही.

परत आल्यावर ते मला जे बोलले ते मी विसरणार नाही. त्यासाठी जुनी गोष्ट आठवावी लागेल. गावात कोणी मेले की त्याचा सांगावा पाहुण्यांच्या गावी न्यायचा, हे काम महाराचे होते. पाऊस असो, रात्र असो, ओढ्याला पूर असो, पायी जायचे. हातात घुंगूरकाठी. दाराबाहेर उभे राहून मयताची बातमी ओरडून सांगायची आणि वरून टाकलेला भाकरतुकडा पदरात घेऊन परतायचे. याला वतन म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतने रद्द होण्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. काकांच्या वडिलांनी हे सांगावे नेलेले होते, माझ्या आजोबांनीही नेले होते.

काका म्हणाले, "माझ्या बापानं मयताचा सांगावा दाराबाहेर उभं राहून दिला. मी किल्लारीत खुर्चीवर बसून दिला, आणि साहेब लोक माझ्या बाजूला उभं राहून ऐकत होते. काम तेच रे. पण बापावर ते लादलं होतं, मी ते माझ्या मनानं केलं. बाबासाहेबांनी एवढाच फरक केला, आणि एवढाच फरक लागतो." २००४ साली काका गेले. त्यांचा सांगावा मला रेडिओवरूनच मिळाला.

दुसरे मित्र बार्शीचे गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांची जात मला पहिली तीन वर्षे ठाऊक नव्हती, आणि माझी त्यांना. ती कळण्याचा प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे.

हॅम लोक एकमेकांशी बोलणे झाले की आठवण म्हणून पोस्टाने कार्ड पाठवतात. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. त्यावर कॉलसाइन, तारीख, वेळ, आवाजाचे गुण आणि पूर्ण पत्ता असतो. एका मोठ्या शहरातले गृहस्थ दोन वर्षे माझ्याशी रोज सकाळी बोलत होते. माझ्या घरच्या संचाचे त्यांना भारी कौतुक. मी त्यांना कार्ड पाठवले. माझ्या पत्त्यात वस्तीचे नाव आहे, आणि ते बाबासाहेबांच्या नावावरून आहे. कार्ड पोहोचल्यापासून त्यांना माझा आवाज ऐकू येईनासा झाला. मी हाक मारली की ते गप्प. शेजारच्याने हाक मारली की 'फाइव्ह नाइन'. महिनाभर असे चालले. कॉलसाइनने जे झाकले होते ते पत्त्याने उघडे केले. आकाशातली समता पोस्टाच्या पेटीपाशी येऊन संपली.

मी कोणाला काही बोललो नाही, पण गुरुजींच्या कानांनी ते टिपले. पुढच्या रविवारी सकाळी आमची बैठक भरली. आम्ही वीसेक जण ठरल्या वेळी एका ठिकाणी जमत असू, म्हणजे जागा आकाशातलीच. गुरुजींनी आपली पाळी आल्यावर सांगितले, "सर्वांनी कागद-पेन्सिल घ्या. जामखेडच्या ओएमचा पत्ता देतो, लिहून घ्या." आणि त्यांनी माझा पत्ता वस्तीच्या नावासकट दोनदा, एकेक अक्षर फोड करून वाचला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी मी सहकुटुंब तेथे जेवायला जाणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी यावे. संपले." राजकारण नाही, धर्म नाही, नियमाचा भंग नाही. नुसता एक पत्ता वाचला होता.

रविवारी गुरुजी आणि बाई एसटीने आले. त्यांच्याबरोबर आणखी चौघे आले. त्यांत नगरचे तारमास्तर होते. बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा ठेचा. बाई थेट चुलीपाशी जाऊन माझ्या बायकोबरोबर भाकऱ्या थापायला बसल्या. शहरातले ते गृहस्थ आले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. त्यांचा मला राग नाही, पण मी त्यांना मित्रांत धरत नाही.

या प्रसंगाने मला एक गोष्ट शिकवली. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून भाषण केले होते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीपासून नव्हे तर तथागतापासून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. मी ते वाचत आलो होतो, पण या तिन्हींत बंधुता वेगळी का काढावी लागते हे मला त्या रविवारी उमगले. आकाशात समता फुकट मिळते. तेथे कोणाला काही द्यावे लागत नाही, पाटावर सरकून जागा करावी लागत नाही. तीच समता एसटीने प्रवास करून, चपला दाराशी काढून, शेजारी बसून भाकरी मोडून दाखवायची, तर त्याला बंधुता लागते.

जामखेडचे नाव आमच्या या आकाशातल्या बैठकीत पूर्वीपासून माहीत होते, ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे. १९७० साली सुरू झालेल्या त्या कामात खेड्यातल्या बायांनी, त्यांत आपल्या समाजातल्याही होत्या, बाळंतपणाचे आणि औषधपाण्याचे शिक्षण घेतले. गुरुजी नेहमी तो दाखला द्यायचे. म्हणायचे, "अडाणी बाई आरोग्य शिकू शकते, तर तुमची पोरं रेडिओ का नाही शिकणार?" मी हसून सोडून द्यायचो. दुकान सांभाळायचे की पोरे?

मग २८ एप्रिल २०१४ आला. ज्या खर्ड्याच्या रणात १७९५ साली शिदनाक महार लढला, त्याच आमच्या तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाची हत्या झाली. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. या साप्ताहिकाच्या वाचकांना ते सारे ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच की त्या आठवड्यात वस्तीतल्या आयांनी पोरांना घराबाहेर पाठवणे बंद केले होते, आणि गुरुजी तेव्हा जामखेडला आले. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारे. भाषण केले नाही. संध्याकाळी विहारात गेले, पोरांना गोल करून बसवले आणि पिशवीतून एक मोर्सची कळ आणि एक घंटी काढली. म्हणाले, "मी दर महिन्याला येत जाईन. तुम्ही यायचं." आणि ते आले. २०१८ साली जाईपर्यंत, पाय चालत होते तोपर्यंत येत राहिले. पोरांना ओहमचा नियम, डाग द्यायची कला, तार किती लांब कापायची याचे गणित त्यांनी शिकवले. भीतीवर त्यांचे हे औषध होते. पोराच्या हाताला काम आणि डोक्याला कोडे दिले की ते वर मान करून बसते, असे ते म्हणत.

तिसरे मित्र तारमास्तर, मुसलमान समाजातले, सारी नोकरी तार खात्यात झालेली. त्यांच्या मोर्सला तोड नव्हती. कळ दाबायचे तेव्हा हात हलतो आहे असे वाटायचेच नाही. पूर्वी दारात तारवाला आला की उघडून वाचायच्या आधी घरात रडारड सुरू व्हायची, कारण बहुतेक तार मयताचीच असायची. काकांची वतनाची गोष्ट ऐकून तारमास्तर म्हणाले होते, "म्हणजे मी पण सांगावेकरीच की. फक्त पगारी." दोघे त्यावर खूप हसले होते.

आपल्या देशात २००५ साली ५ मे रोजी इस्रोने हॅम लोकांसाठी 'हॅमसॅट' नावाचा छोटा उपग्रह सोडला. त्यातला एक संच भारतीयांनी बनवला होता आणि दुसरा हॉलंडच्या एका विद्यार्थ्याने. तारमास्तरांनी पडद्याच्या सळया आणि लाकडी पट्टी घेऊन हातात धरायचा एरियल केला आणि गच्चीवर उभे राहून तो उपग्रह ऐकला. मला फोन करून म्हणाले, "ऐक, वरून जातोय, आपलाच आहे." २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली. शेवटच्या दिवशी, १४ जुलैला, मास्तर तार कचेरीत रांगेत उभे राहिले आणि आम्हा मित्रांना एकेक तार केली. माझी मी जपून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी तो उपग्रहही मुका झाला.

मास्तर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. दफनाला चार माणसे. घरचेही सगळे जाऊ शकले नाहीत. शोकसभा घ्यायची कुठे? जमायला बंदी. तेव्हा ४० मीटरवर आम्ही जमलो. ज्याची पाळी होती त्याने मास्तरांची कॉलसाइन तीनदा पुकारली. उत्तर नाही. मग आम्ही एक मिनिट कळ सोडून बसलो. नुसती आकाशातली खरखर ऐकू येत होती. शेवटी मी मोर्समध्ये 'एसके' पाठवले. तीन टिंबे, रेघ, टिंब, रेघ. काम संपले, याची ती खूण. सोलापूरच्या काकांनी शिकवलेल्या हाताने नगरच्या मास्तरांचा शेवटचा सांगावा गेला, आणि कोकणापासून नागपूरपर्यंत ज्याने त्याने तो आपापल्या घरी बसून घेतला. कोणी दाराबाहेर उभे राहिले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आज मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. रेडिओ कशाला, असे पोरे विचारतात. भूकंपात, महापुरात मोबाइलचे मनोरे आडवे होतात तेव्हा तारेचा तुकडा आणि एक बॅटरी पुरते, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की या पोरांना एकदा तरी असे बोलायला मिळावे, जेथे समोरचा आधी आवाज ऐकेल आणि मग माणूस पाहील. मात्र मी त्यांना तेवढ्यावर थांबवत नाही. आकाशात ज्याला मित्र म्हणालात त्याला पत्ता द्या, वस्तीच्या नावासकट द्या, आणि जेवायला बोलवा. जो येईल तो तुमचा.

गुरुजींची ती कळ आमच्या विहारातल्या कपाटात आहे. बुद्धवंदना झाली की रविवारी आठ-दहा पोरे-पोरी ती काढून बसतात. त्यातल्या एका मुलीचा हात तारमास्तरांसारखा आहे. दाबते तेव्हा हलत नाही. यंदा ती परवान्याची परीक्षा देणार आहे. नियम असा की रेडिओवर धर्म-राजकारण बोलायचे नाही, म्हणून तेथे ती सर्वांना ७३ म्हणेल. येथे कागदावर तशी अडचण नाही. म्हणून माझ्या तिन्ही मित्रांना आणि तुम्हा सर्वांना ७३, आणि जयभीम.